व्हायनातला हात

आमच्याकडं जात्यावर बसलेली बाई गाते, पोह्यांच्या व्हायनावर बसलेली बाई गात नाही. व्हायन म्हणजे घराच्या भुईत पुरलेलं दगडी उखळ. तोंड जमिनीच्या बरोबरीला, आत चांगलं खोल. पुस्तकात त्याला उखळ लिहितात, लिहोत. आमचं ते व्हायनच. नवख्या माणसाला वाटायचं, ह्या बायका एकमेकींवर रुसल्यात की काय. त्या रुसलेल्या नसत, ऐकत असत.

पोहे करायचे तर भिजवलेलं भात खापरात भाजायचं आणि दाणा तडतडायला लागला की तसंच धगीचं व्हायनात ओतायचं. निवलं की संपलं. मग कितीही कांडा, कण्याच पडतात. एकीनं उभं राहून मुसळ मारायचं. दुसरीनं व्हायनाशी बसायचं, मुसळ वर गेलं की हात आत घालायचा, भात उलथायचं नि हात काढून घ्यायचा. मुसळवाली दर घावाला 'हं' करून श्वास टाकते. त्या हंवर बसलेलीचा हात चालतो. गाणं धरलं तर हं बुडेल, आणि हं बुडाला तर बोटं जातील.

ठकूबाई ही आमच्या वाडीतली हातवाली. वाडी आंबेनळी घाटाच्या पायथ्याला, पोलादपूरपासून वर चालत. रान उतरतं, भातखाचरं अरुंद, त्यामुळं घरटी एक पुरुष मुंबईला. ठकूबाईचा नवरा कोंडाजी गिरणीत पिंजण खात्यात होता. लग्न झालं, हळद उतरली आणि तो मुंबईला गेला. सणाला तेवढा येऊन जायचा. मागं राहिली ती सासू राहीबाई, धाकटा दीर, पुढं त्याची बायको गोदूबाई, आणि ते व्हायन.

राहीबाई वाळल्या शेंगेसारखी बाई. बोलली की आत दाणे वाजल्यासारखं वाटायचं. सून घरात आली तशी तिनं बोलावलं.

"गो ठके, हात दाखव."

ठकूनं पंजे पुढं केले.

"हात बरे हायत. पन हातात घाई हाय. म्हायेरी काय लोकांच्या काकड्या तोडत होतीस?"

"आमच्यात काकड्या आमच्याच होत्या, आत्याबाई."

"मंग शेजाऱ्यांच्या कोन तोडत होतं?"

पहिलं वर्ष ठकूनं रिकाम्या व्हायनात हात घातला. सासू वर बसून काठीनं भुईवर ठोके द्यायची. ठोका पडताना हात आत सापडला तर तीच काठी मनगटावर. दुसऱ्या वर्षी व्हायनात तूस भरलं आणि राहीबाई स्वतः मुसळाला उभी राहिली. मुसळाकडं बघायचं नाही, हा पहिला कायदा. बघितलं की हात भितो, आणि भ्यालेला हात उशिरा निघतो. दुसरा कायदा, थांबायचं झालं तर आधी 'राहा' म्हणायचं. खाज सुटो, विंचू चावो, घरात चोर शिरो. आधी राहा, मग बाकीचं. न सांगता हात थांबवायचा नाही, न सांगता मुसळ थांबवायचं नाही.

"किती दिस आसं तुसात घालू, आत्याबाई?" ठकूनं कंटाळून विचारलं.

"हात इसरंल तवर."

"काय इसरंल?"

"की तो तुझा हाय म्हनून."

खऱ्या भातात हात घालायला मिळाला तेव्हा तिच्याबरोबर वाडीत आलेल्या सुनांना दुसरी पोरं झाली होती. पण त्यानंतर तिच्या हातचे पोहे असे उतरायला लागले की सुपात घोळताना वाऱ्यावर निघायचे. गोदूबाई मुसळाला उभी राहायची. ती दांडगी, हसरी, तोंडाची सैल.

"जाऊबाय, तुमची बोटं गेली तर भाकऱ्या मला थापायला लागतील. म्हनून संभाळून मारतंय हो," म्हणायची.

"संभाळून मारू नको. सारखं मार," ठकूबाई म्हणायची. एवढं बोलून दोघी गप्प. मग नुसता हं आणि मुसळ.

तोवर पोहे घरापुरते व्हायचे, फार तर लेकीबाळींना, लग्नात रुखवतावर. विकायचं ठकूबाईनं काढलं. कोंडाजीचे पैसे कधी यायचे, कधी संपाचं सांगणं यायचं. तिनं एक टोपली भरली, वर केळीचं पान बांधलं, आणि पोलादपूरच्या बाजारात जाऊन भाजीवाल्यांच्या रांगेला बसली. त्या संध्याकाळी राहीबाईचा दीर सयाजी अंगणात येऊन उभा.

"वैनी, मराठ्याची सून बाजारात टोपली घेऊन बसली. आता मी लोकांना तोंड कसं दाखवू?"

"तुझं तोंड कोन मागतंय सयाजी? तिथं पोहे मागतायत," राहीबाई आतून म्हणाली.

सयाजी वर्षभर त्या अंगणात आला नाही. दिवाळीला आला आणि दोन वाट्या पोहे खाऊन गेला.

पोलादपूरच्या बाजारातून ती महाडला पोचली. महाडला सावित्री नदीकडं जाणाऱ्या पेठेत कुशाबाचं दुकान होतं. कुशाबा माणूस सुक्या बोलण्याचा. त्यानं चिमूट पोहे तळहातावर घेतले, फुंकर मारली. पोहे उडाले ते थेट गुळाच्या ढेपेवर जाऊन बसले.

"दर बाजाराला आणाल?" त्यानं विचारलं.

"आणीन."

"एकदा आणायचे आणि पुढल्या खेपेला घरात बाळंतपण निघालं, असं नको."

"बाळंतपन निघंल. पोहे बी येतील," ठकूबाई म्हणाली.

बाळंतपण निघालंच. तुळसा झाली. पाळणा व्हायनाच्या वरच्या आढ्याला टांगला आणि दोरी ठकूबाईनं पायाच्या अंगठ्याला बांधली. हात व्हायनात, पाय पाळण्याला. तुळसाच्या पाठीवर मुलगा झाला. तो चालायला लागला होता तेव्हा गोवरानं गेला. त्याला पुरून माणसं घरी आली तेव्हा घंगाळात भात भिजत पडलं होतं. आणखी एक दिवस राहिलं असतं तर आंबलं असतं. दुसऱ्या दिवशी ठकूबाई व्हायनाशी बसली. आमच्या वाडीत तेव्हा बायका बोलल्या, हिच्या छातीत काळीज हाय का व्हायनाचा दगड. गोदूबाई सांगायची, त्या दिवशी जाऊबायचा हात एकदाही चुकला नाही. फक्त पायाचा अंगठा रिकामा हलत होता.

कोंडाजी कायमचा परत आला तेव्हा तुळसा परकर नेसायला लागली होती. तो यष्टीतून उतरला आणि वाडीची चढण चढायला त्याला अर्धा दिवस लागला. गिरणीत छातीत कापूस बसला असं तो सांगायचा. मुंबईच्या डॉक्टरानं गावची हवा खा म्हटलं होतं. महाडच्या डॉक्टरानं दूध द्या, औषध द्या, धुरापासून लांब ठेवा म्हटलं.

आता हे कसं करायचं? दूध-औषध पोह्यांवर, आणि पोहे धुरावर. खापराखाली चूल धडधडत ठेवावी लागते. मंद आचेवर भात भाजत नाही, उकडतं. घर धुरानं भरायचं आणि आतल्या खाटेवर कोंडाजी उलटापालटा व्हायचा. ठकूबाईनं त्याची खाट पडवीत काढली. पडवी आणि व्हायनाची खोली यांच्यामध्ये कारवीच्या काठ्यांचा कूड, शेणानं लिंपलेला. धूर अडायचा, आवाज अडायचा नाही.

"मला घरातनं भायेर काढलंस गो," कोंडाजी पहिल्या दिवशी म्हणाला.

"पडवी घरातच धरतात."

"कुत्रा बी पडवीतच असतो."

"कुत्र्याला दूध कोन देतंय?" ठकूबाई म्हणाली, आणि पेला त्याच्या हातात दिला.

दर पंधरवड्याला ती त्याला महाडजवळ सव गावच्या ऊन पाण्याच्या झऱ्यावर न्यायची. टोपली कुशाबाकडं टाकायची, नवऱ्याला सवला न्हाऊ घालायची, परत आणायची. त्यानं त्याला बरं वाटायचं की नाही देव जाणे. येताना खोकला तेवढाच असायचा. तिला आता फार काही नको होतं. घरातलं माणूस असेपर्यंत घरात राहावं, औषधाविना जाऊ नये, आणि तुळसा चार माणसांत उजवून जावी. हे सगळं व्हायनावर अवलंबून. व्हायन थांबलं तर कोंडाजीचं दूध बंद, आणि तुळसा मुंबईला लोकांची धुणीभांडी करायला.

राहीबाई त्या पावसाळ्यात गेली. पाठोपाठ धाकटा दीर मुंबईला कामाला लागला, त्यानं तिथं खोली केली आणि गोदूबाईला बोलावलं. निघताना गोदूबाई मुसळाला हात लावून रडली. ठकूबाई म्हणाली, "मुसळाला काय रडतेस, तुझा नवरा तुला बोलवतोय." पण ती गेल्यावर ठकूबाई बराच वेळ व्हायनाच्या काठाशी नुसती बसून होती, हे तुळसानं पुढं सांगितलं.

मुसळाला आता तुळसा. पोर अंगानं भरलेली, पण घाव हलका-जड पडायचा. ठकूबाईनं तिला तिच्या आजीच्याच वाटेनं नेली. आधी रिकाम्या व्हायनात नुसतं मुसळ उचलायचं नि ठेवायचं. मग तूस. तुसात आईचा हात. तुळसा घाबरायची.

"आये, पळी घे ना. हात कशाला?"

"पळीनं दाना तळाला राहतो. राहिलेला जळकट लागतो."

"लागूं दे थोडा."

"कुशाबाला सांग तसं."

तळीयेचं एक स्थळ तुळसाला सांगून आलं होतं. मुलगा येसाजी, घरची शेती. बोलणी दिवाळीनंतर पक्की करायची ठरली. आणि त्याच सुमाराला महाडला इंजिनावर चालणारी पोह्यांची गिरणी आली. ठकूबाई टोपली घेऊन गेली तेव्हा कुशाबाच्या दुकानात गिरणीच्या पोह्यांचं पोतं उघडं होतं.

"बघा," कुशाबा म्हणाला. "सगळे सारखे, पातळ."

ठकूबाईनं चार दाणे तोंडात टाकले. "पुठ्ठा हाय."

"पुठ्ठा तर पुठ्ठा, वेळेवर येतो. मी तुमचा माल टाकणार नाही. जुनी गिऱ्हाइकं तुमचंच मागतात. पण दिवाळीला मला भरपूर लागेल आणि वसुबारसेच्या आधी लागेल. जमत नसेल तर आत्ता सांगा, मी गिरणीला सांगतो. मग पुढल्या वर्षी मला विचारू नका."

"जमतंय," ठकूबाई म्हणाली.

तिनं तुळसाला भातावर घेतलं. राहीबाई असती तर आणखी एक पावसाळा तुसावरच ठेवली असती. ठकूबाईला ते माहीत होतं. पण पोरीचा घाव सारखा पडायला लागला होता, आणि हात तर ठकूबाईचा होता. तिला वाटलं, कमी-जास्त आपण सांभाळून घेऊ.

दसऱ्यानंतर दोघी सकाळपासून बसायच्या. ठकूबाई चुलीवर खापर हलवायची, भात ओतायची, बसल्या जागी वळून व्हायनात हात घालायची. तुळसा हं करायची. पलीकडून कोंडाजीचा खोकला. तो खोकला कसाही यायचा; कधी घावावर, कधी दोन घावांच्या मध्ये. तुळसा बिचकायची. एकदा तर मुसळ काठावर बसलं आणि दगडाची कपची उडाली.

"राहा," ठकूबाई म्हणाली. मग ती उठली आणि कुडापाशी गेली. दिवसभराचा धूर डोळ्यांत होता.

"अवो, जरा दमानं खोकाल काय? पोरीचा ताल चुकतो तुमच्या खोकल्यानं. माझा हात हाय त्यात."

पडवीतून "बरं," असं तो पुटपुटला म्हणे. पण ते तुळसानं ऐकलं, ठकूबाईनं नाही.

दुसऱ्या दिवशी काम लवकर लागलं. भात पटणी जातीचं होतं, दाणा लांब, चांगलं फुलणारं. दुपार झाली. एकामागून एक घाणे उतरत होते. तुळसाचा हात बसला होता, गोदूबाईसारखा. टोपलीत पोह्यांचा ढीग पांढरा दिसायला लागला. आणि भर घाण्यात, मुसळ वर गेलेलं, हात आत, ठकूबाईच्या ध्यानात आलं की पलीकडून आवाज नाही.

खोकला नाही. सकाळपासून नाही.

ती कित्येक महिने तो खोकला ऐकत होती आणि आपण ऐकतोय हे तिला ठाऊक नव्हतं. तो चालू असेपर्यंत माणूस चालू, एवढं तिच्या कानानं परस्पर धरून ठेवलं होतं. तिनं मान वळवली. हात आतच राहिला. ती राहा म्हणाली नाही. तुळसानं हं केला.

पोरीची किंचाळी ऐकून खालच्या आळीची माणसं धावली. ती यायच्या आधी कोंडाजी कुडाला धरत धरत दारात पोचला होता. त्याच्या तोंडात पंच्याचा बोळा होता, दातात घट्ट धरलेला, लाळेनं ओला. तो त्यानं काढला आणि मग दिवसभराचा दाबलेला खोकला असा सुटला की तो दारातच बसला. ठकूबाई व्हायनाशी होती तशीच बसलेली, उजवं मनगट डाव्या हातात धरून. तिनं त्या पंच्याकडं बघितलं. मग नवऱ्याकडं.

"जिता हायस," ती म्हणाली. आयुष्यात पहिल्यांदा तिनं नवऱ्याला एकेरी हाक मारली.

हळद-चुना भरून, फडकं बांधून तिला लाकडं नेणाऱ्या ट्रकमधून महाडला नेलं. अंगठ्याशेजारची दोन बोटं डॉक्टरानं काढली. तिसरं राहिलं, पण वाकेना. पोलादपूर गेलं तेव्हाच ती मोरूला, म्हणजे बरोबर गेलेल्या सयाजीच्या मुलाला, म्हणाली होती, "घरी सांग, टोपलीतलं झाकून ठेवा. दमट लागंल." मोरू पुढं कितीतरी वर्षं हे सांगायचा आणि हसायचा, पण त्याचं हसू फार लांब जायचं नाही.

दिवाळीचा माल गेला नाही. कुशाबानं गिरणीला सांगितलं. तळीयेहून माणूस आला. चहा घेतला, कोंडाजीची विचारपूस केली, आणि जाताना म्हणाला, मुलगा यंदा नको म्हणतोय. खरं काय ते वाडीत आधीच पोचलं होतं. आईच्या हातावर मुसळ घालणारी पोर, उद्या सासूच्या डोक्यात घालील, असं तिकडं कोणीतरी बोललं होतं. तुळसानं ते ऐकलं आणि मुसळ उचलून गोठ्यामागं गवतात टाकून आली.

ठकूबाई हात गळ्यात बांधून होती. तिनं मुसळ कुठाय विचारलं नाही. जखम भरली, फडकं सुटलं, पौषातल्या एका सकाळी ती गोठ्यामागं गेली, डाव्या हातानं मुसळ ओढत आणलं आणि धुतलं.

"तुळसे, ये."

"मी नाय मारायची."

"तुझा कायबी गुन्हा नाय. मी राहा म्हनले नाय. थांबले मी. आजी असती तर काठी माझ्या मनगटावर पडली असती."

"तरी मी नाय."

"मंग काय करशील? बाचं दूध कुठनं आननार?"

"मी जाते काकाकडं. भांडी घासीन."

"जा. पन जाईतवर उचल-ठेव कर. रिकाम्यात. मला ह्या हाताला शिकवायचं हाय." आणि तिनं डावा पंजा पुढं केला.

तुळसा उचल-ठेव करायला लागली. रिकाम्या व्हायनात ठकूबाईचा डावा हात आत जायचा, बाहेर यायचा. डावा हात अडाणी. तो वळायचा उलटा, निघायचा उशिरा. पहिल्या वेळी सासू होती, वय होतं, आणि हात गेला तर काय जातं हे माहीत नव्हतं. आता माहीत होतं. ती कपाळाला घाम फुटेपर्यंत बसायची, मग म्हणायची, "राहा."

कोंडाजी आता पंचा तोंडापाशी नेत नसे. तिनंच तसं सांगितलं होतं, कुडाशी उभं राहून.

"खोकायचं. बिनधास खोकायचं. आता गप राहिलात तर ह्यो बी हात जाईल."

"आता मला काम दिलंस गो," तो म्हणाला. "गिरणीत बी एवढं सोपं नव्हतं."

तो खोकायचा. काही काळानं दोघी बायकांच्या अंगी तो खोकला इतका बसला की मुसळ त्याला बिचकेना. रिकाम्यातून तूस आलं. शिमग्याच्या पुढं भात आलं, पण पळीनं. पळीचे पोहे ठकूबाई विकायला न्यायची नाही. ते घरात, शेजारी, बैलाला. घर चाललं ते मुंबईहून गोदूबाई पाठवायची त्यावर आणि तुळसा रस्त्याच्या खडीवर जायची त्यावर. दूध कमी झालं. सवच्या फेऱ्या बंद झाल्या. कोंडाजी वाळत गेला आणि खोकला मात्र मोठा होत गेला, जणू त्याच्यात तेवढंच उरलं होतं.

श्रावण संपता संपता ठकूबाई महाडला गेली. टोपली नव्हती, नुसती ओच्यात पुडी. कुशाबानं तळहातावर पोहे घेतले, फुंकर मारली. काही उडाले, काही राहिले.

"डाव्या हातचे हायत," ठकूबाई म्हणाली.

कुशाबानं तिच्या उजव्या हाताकडं बघितलं. "दिवाळीला थोडे आणा," तो म्हणाला. "जुन्या गिऱ्हाइकांपुरते. बघू. पण पातळ पाहिजेत. मी दयेनं माल घेत नाही."

"दयेनं मी देत बी नाय."

भाद्रपदात तिनं पळी ठेवून दिली आणि डावा हात भातात घातला. तुळसाचं मुसळ सारखं पडलं. हं, हात, खोकला, हं. घाणा उतरला तो पातळ. ठकूबाईनं सूप घेऊन पडवीत जाऊन नवऱ्याला दाखवलं. त्यानं दोन दाणे उचलले, तोंडात टाकले, पण गिळायला जमेना. तसेच गालात धरून तो हसला.

सर्वपित्री झाली आणि नवरात्रात कोंडाजी गेला. दुपारची वेळ. पडवीतच. दूध घशाखाली उतरत नव्हतं, औषध शेवटपर्यंत होतं. तिनं मागितलं होतं त्यातलं एवढं झालं.

तेरावा झाला तेव्हा दिवाळी तोंडावर आली होती. पडवी सारवून झाली, खाट धुवून उन्हात टाकली. तेराव्याला आलेले पाहुणे गेले त्याच दिवशी ठकूबाईनं भात भिजत घातलं. ह्या खेपेला वाडीतली कोणी बाई काही बोलली नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी चूल पेटली. भात तडतडलं. ठकूबाईनं खापर उचललं, व्हायनात ओतलं. तुळसानं पदर खोचला, मुसळ उचललं. वर धरलं. आईचा हात आत जायची वाट बघत राहिली.

हात व्हायनाच्या काठावर होता. तो पुढं जाईना.

"आये, घाल ना."

ठकूबाई कुडाकडं बघत होती. पलीकडं कोंबडी पडवी उकरत होती, तेवढाच आवाज.

"आये, निवतंय."

मुसळ धरून तुळसाच्या दंडाला कळ लागली. तिनं राहा म्हटलं आणि खाली टेकवलं. व्हायनातली वाफ गेली. भात काळपट पडलं. त्या घरात, राहीबाईच्या आधीपासून, घाणा व्हायनात निवला असं कधी झालं नव्हतं. मुलगा पुरून आल्यावर झालं नव्हतं. ठकूबाईनं डाव्या हातानं ते भात उपसलं, बैलाच्या घमेल्यात टाकलं, व्हायन फडक्यानं पुसलं आणि पुन्हा चुलीशी बसली. खापरात दुसरी मूठ टाकली.

"तुळसे."

"काय?"

"हं जरा मोठ्यानं म्हन. मला ऐकू येत नाय."

भात तडतडलं. तिनं ओतलं. तुळसानं मुसळ उचललं. पहिल्या हंला तिचा आवाज फाटला, तरी तो मोठा होता, खालच्या आळीत आम्हाला ऐकू आला इतका. हात आत गेला आणि बाहेर आला.

तो घाणा जाड उतरला, निम्म्या कण्या. त्या दिवशीचे सगळेच तसे. कुशाबाकडं न्यायच्या लायकीचे नव्हते, म्हणून ठकूबाईनं वाडीत घरोघर वाटले, आणि आम्ही ते ताकात भिजवून खाल्ले. चावायला लागत होते. संध्याकाळी तिच्या घरावरून जाताना बघितलं तर घंगाळात उद्याचं भात भिजत पडलं होतं.